आधी उसवायचं, मग शिवायचं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"काका, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, आता कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला असते. वय ३४. तीन वर्षांपूर्वी क्वॉर्टर हॉर्स जातीची घोडी घेतली, तिचं नाव बिजली. गावाबाहेरच्या तबेल्यात ठेवली आहे, आठवड्यातून तीनदा तिच्यावर रपेट होते. गेले दोन हिवाळे घरी चामड्याचं काम शिकतेय. पट्टे, पाकिटं झाली, बिजलीचा लगामही झाला. आता तिच्यासाठी वेस्टर्न सॅडल, म्हणजे अमेरिकन गुराखी वापरतात तसलं खोगीर, स्वतः बनवायचंय. ऑनलाइन फायबरग्लासचा ट्री, म्हणजे सॅडलचा आतला सांगाडा, स्वस्तात मिळतोय, घेऊ का? जाड शिलाईचं मशीन लागेल का? एका आठवड्याचा कोर्स पुरतो का? स्कर्टवर, म्हणजे सॅडलच्या खालच्या मोठ्या चामड्यावर, पैठणीतला मोर कोरायचाय, चित्र सोबत पाठवतेय. आई फोनवर म्हणाली, 'चामड्याचं काम आपल्यात कुणी केलं नाही, तुला हे कुठून सुचलं?' ते मनात सलतंय. मला एकेरीतच हाक मारा."

बिजलीच्या मालकिणीस,

पत्र दोनदा वाचलं, मोर त्याहून जास्त वेळा पाहिला. मोर सुरेख उतरलाय. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण सॅडलवरही त्याची पाळी शेवटीच येते.

ट्री आत्ता घेऊ नकोस. मशीनही नको. आधी एक वापरलेलं वेस्टर्न सॅडल विकत घे आणि ते टाका टाका करून उसव. हा सल्ला तुला निरुत्साही वाटेल. मलाही कुणीतरी हेच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि त्याची किंमत एका घोड्याने मोजली.

वायोमिंगमधल्या एका सॅडलच्या दुकानात मागच्या खोलीत मी दुरुस्तीचं काम करायचो. दोन वर्षं हातात एकच काम: झिजलेलं लोकरीचं अस्तर काढायचं, नवं लावायचं, तुटलेल्या वाद्या बदलायच्या. मला वाटलं, आता येतं आपल्याला. तयार ट्री मागवला. त्यावर 'सेमी क्वॉर्टर हॉर्स बार' लिहिलं होतं, म्हणजे कुठल्याही मध्यम बांध्याच्या घोड्याला बसेल असं मी धरून चाललो. तीन महिने संध्याकाळी बसून सॅडल केलं, अंगभर फुलं कोरली. मित्राच्या तांबड्या घोड्यावर ते चढवून दोन तास फिरलो. परत येऊन सॅडल उतरवलं तर पाठ घामाने निथळत होती, फक्त खांद्यामागे, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे दोन डाग कोरडे ठणठणीत. मी समजलो, इथे सॅडल टेकतच नाही, म्हणजे मोकळं आहे. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने त्या डागावर बोटं दाबली, तशी घोड्याने पाठ खाली घेतली. तो म्हणाला, इथे इतका दाब आलाय की घामच फुटला नाही. पुढच्या हिवाळ्यात नेमक्या त्या दोन जागी पांढरे केस उगवले. ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर फायबरग्लास की लाकूड हे नाही. लाकडाचा सांगाडा, त्यावर ओलं कच्चं कातडं ताणून शिवलेलं, ही जुनी आणि आजही भरवशाची पद्धत. वाळताना ते कातडं असं आवळतं की सगळे सांधे एकजीव होतात. खिळाही त्यात घट्ट बसतो, आणि सॅडलमध्ये शेवटी पुष्कळ काही खिळ्या-स्क्रूवरच असतं. मी स्वतः तोच घेतो. पण खरा प्रश्न बारचा आहे. बार म्हणजे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकणाऱ्या दोन लांब फळ्या. तुझं वजन घोडीच्या पाठीवर त्यांच्यातूनच उतरतं. त्यांचा उतार, त्यांची लांबीतली वक्रता, पुढून मागे जाताना त्यांना दिलेला पीळ, यातलं एकही बिनसलं तर वर कितीही मऊ पॅड घाल, दाब एका जागी साठतो. आणि 'सेमी', 'फुल' ही मापं ट्री बनवणाऱ्या प्रत्येकाची वेगळी असतात. बुटाच्या नंबरांना असतो तसा त्यांना कुठलाही एक ठरलेला नियम नाही.

ट्री घ्यायची वेळ येईल तेव्हा तो आधी उघडा बिजलीच्या उघड्या पाठीवर ठेव. पॅड नाही, काही नाही. बारची पुढची टोकं तिच्या खांद्याच्या हाडामागे यायला हवीत, हाडावर नव्हे. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्यावर मोकळी जागा राहिली पाहिजे. मग बारखाली तळहात सरकव, पुढून मागे. कुठे हात अडकतो आणि कुठे सैल पडतो ते बघ. तिला दोन पावलं चालव, पुन्हा हात घाल. घाई करू नकोस, बिजली स्वतःच कान मागे टाकून सांगेल. जो विक्रेता ट्री परत घ्यायला तयार नाही, त्याच्याकडून पहिला ट्री घेऊ नकोस.

आता उसवण्याबद्दल. तबेल्यांच्या लिलावात, जुन्या सामानाच्या बाजारात वापरलेली सॅडल भरपूर येतात. कारखान्यातलं अगदी स्वस्त सॅडल घेऊ नकोस. आत फोम आणि स्टेपल निघतील, त्यातून शिकण्यासारखं थोडं. आणि कुणा नामांकित जुन्या दुकानाचा शिक्का दिसला, पेंडलटन, माइल्स सिटी, प्युब्लो अशा गावाचं नाव दिसलं, तर उसवण्याआधी जाणकाराला दाखव. अशी काही सॅडल संग्राहक जपतात, त्यांच्यावर आरी चालवणं पाप आहे. तुला हवं ते साधं, घोटून वापरलेलं, पण चामड्याचं प्रामाणिक काम असलेलं सॅडल. घेताना ट्री शाबूत आहे का बघ: हॉर्न, म्हणजे पुढचा खुंटा, पोटाशी टेकव, मागची उंच कड, म्हणजे कँटल, दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढ. सीटच्या मध्यावर सुरकुती पडली किंवा आत कुरकुरलं तर ट्री मोडलाय.

घरी आणलंस की प्रत्येक पायरीला फोटो काढ. रिकिबी आणि फेंडर, म्हणजे रिकिबीच्या पट्ट्यावरचं पायालगतचं रुंद चामडं, सोड, मग स्कर्ट, मग शेवटी सीट. निघालेला प्रत्येक तुकडा नंबर घालून ठेव. जुनं चामडं पाण्याने जरा नरम करून सपाट वाळवलंस की त्यावरूनच तुझे पहिले कागदी नमुने निघतील. टाक्यांची भोकं मोज, एका इंचात किती आहेत ते लिही. खिळे कुठल्या दिशेने ठोकलेत ते बघ. सिंच, म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा पट्टा, ज्यांना बांधतात त्या डाव्या-उजव्या रिंगा कँटलपासून सारख्या अंतरावर आहेत का हे फीत लावून तपास. चांगल्या कामातही कधीकधी पाव इंचाचा फरक सापडतो, आणि मग ते सॅडल घोड्यावर नेहमी एका बाजूला का सरकायचं ते तुझं तुला कळतं. हे कुठल्याही कोर्सात इतकं स्वच्छ कळत नाही.

सीट निघाली की खाली ग्राउंड सीट, म्हणजे सीटला आकार देणारी आतली बैठक, दिसेल. इथे मी तुला जरा थांबवणार आहे, कारण माझ्या मते अख्खी कारागिरी इथे आहे आणि ती कुणाला दिसत नाही.

दोन बारांच्या मधली पोकळी आधी पत्र्याच्या किंवा जाड चामड्याच्या पट्ट्याने झाकतात. त्यावर चामड्याचे थर चढवत जातात. प्रत्येक थराच्या कडा रापीने तासून शून्यावर आणायच्या, म्हणजे वरून बोट फिरवलं तर एक थर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते लागता कामा नये. वाळल्यावर पुन्हा रापी, मग कानस. मराठीत आपण निरुपयोगी भरण्याला खोगीरभरती म्हणतो, कारण खोगिरात चिंध्या, गवत, हाताला लागेल ते कोंबायचे. ग्राउंड सीटमध्ये असलं काही चालत नाही. त्याचा सर्वांत खोलगट बिंदू एक इंच मागे गेला की बसणाऱ्याचे पाय पुढे जातात, माणूस खुर्चीत बसल्यासारखा कँटलला टेकून बसतो, आणि त्याचं सगळं वजन घोड्याच्या कमरेकडे सरकतं. पुढच्या बाजूला, मांड्यांच्या मध्ये, सीट अरुंद राहिली नाही तर तासाभरात तुझे गुडघे आणि कंबर बोलायला लागतात. मी अजूनही ग्राउंड सीटला दोन पूर्ण दिवस देतो. घोडीवर, म्हणजे लाकडाच्या घोडीवर, ट्री चढवायचा, वर बसायचं, डोळे मिटायचे, उठायचं, एक कागदाएवढा थर तासायचा, पुन्हा बसायचं.

जुन्या सॅडलचं ग्राउंड सीट उखडू नकोस. त्यावर बस. मग कागद आणि पेन्सिल घेऊन त्याचा आडवा आणि उभा छेद काढ. एवढा एक कागद तुझ्याजवळ असला तरी तू बरीच पुढे आलीस.

ते सॅडल पुन्हा जोड. नवं मेंढीच्या लोकरीचं अस्तर, नवे रिकिबीचे पट्टे, नव्या वाद्या. हे पट्टे आणि सिंच बांधायचा लॅटिगो यांत काटकसर नको. मोर बिघडला तर डोळ्यांना बोचतं, पण लॅटिगो उतारावर तुटला तर तू खाली येतेस. हे काम तुझ्या हातून नीट झालं, आणि ते सॅडल घेऊन कुणी एक उन्हाळा फिरलं, की मग नव्याचा विचार कर.

चामड्याबद्दल थोडं. तू पट्ट्यांना आठ ते दहा औंसाचं वापरत असशील. सॅडलला १३ ते १५ औंसाचं स्कर्टिंग लागतं. एक औंस म्हणजे इंचाचा ६४वा भाग, तेव्हा हे चामडं पाच-सहा मिलिमीटर जाड. ते हाताला लाकडासारखं लागतं, आणि तुझी आत्ताची सवय तिथे उपयोगी पडत नाही. गाईचं कातडं पाठीच्या कण्यावरून उभं चिरून दोन बाजू करतात. एका सॅडलला साधारण दोन बाजू लागतात, शक्यतो एकाच जनावराच्या. डावा स्कर्ट एका बाजूच्या ज्या जागेतून कापलास, उजवा दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेतून काप, आरशातल्या प्रतिबिंबासारखा. नाहीतर एक वर्षाने एक ताणलेला आणि एक ताठ. रिकिबीचे पट्टे कण्यालगत, लांबीला समांतर. पोटाकडचं चामडं सैल असतं, त्याचा कुठलाही ओढ खाणारा भाग करू नकोस. कापण्याआधी सगळे नमुने चामड्यावर मांडून एक रात्र तसेच ठेव. सकाळी त्यातला एखादा तरी तू हलवशीलच.

हे चामडं झाडांच्या साली-लाकडाच्या अर्काने कमावलेलं असतं. पेनसिल्व्हेनियातली विकेट अँड क्रेग ही १८६७ साली सुरू झालेली टॅनरी क्वेब्राचो, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाचं लाकूड, आणि मिमोसा वापरते, आणि मिमोसा म्हणजे आपल्या बाभळीच्याच जातकुळीतल्या वॅटलची साल. सेंट लुइसची हर्मन ओक १८८१पासून चालू आहे. दोघांचं स्कर्टिंग उत्तम. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात हे तुला ठाऊक असेल. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की काळी शाई होते. तीच गोष्ट तुझ्या ओल्या स्कर्टिंगवर होणार. लोखंडी खिळा, गंजकी पक्कड, लोखंडाचा बारीक कीस, काहीही ओल्या चामड्याला लागलं की निळा-काळा डाग पडतो आणि तो सहजी निघत नाही. म्हणून स्क्रू आणि खिळे स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे घे. आणि सीट ओली करून ट्रीवर ओढायच्या दिवशी नखं काप, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेव. ओलं चामडं नखाची चंद्रकोरसुद्धा विसरत नाही.

मशीन. नको. जाड शिलाईचं चांगलं मशीन काही हजार डॉलरच्या घरात जातं. त्या पैशात तुझा ट्री, चामडं, लोकर आणि धातूचं सामान बहुतेक सगळं येईल. वेस्टर्न सॅडल पूर्ण हाताने शिवता येतं. आरी, दोन सुया, मेण लावलेला दोरा. कँटलच्या कडेची पट्टी तर मोठमोठे कारागीर आजही हातानेच शिवतात. दोन्ही स्कर्टांना लोकर शिवायला तुला कितीतरी संध्याकाळी लागतील. लागू देत. पाचव्या सॅडलच्या वेळी मशीन घे.

कोर्स. एका आठवड्यात माणूस सॅडल शिकत नाही, पण चुका बघायला आठवडा पुरतो. म्हणून कोर्स उसवण्याच्या आधी नाही, नंतर कर. तुझ्याजवळ तेव्हा प्रश्न असतील, आणि प्रश्न घेऊन गेलेल्याला शिकवणारा हातचं राखत नाही. कोर्स निवडताना एकच विचार: ट्री तयार देतात की घोड्यावर ठेवून बघायला शिकवतात? दुसरं उत्तर आलं तर पैसे भर. घरी अडशील तेव्हा अल आणि अ‍ॅन स्टोलमन यांचा सॅडल बनवण्यावरचा तीन खंडांचा ग्रंथ जवळ असू दे, त्यातल्या आकृत्या फार नेमक्या आहेत. आणि मे महिन्यात वायोमिंगमधल्या शेरिडनला ये. तुझ्याकडून गाडीने पाच-सहा तास. तिथे दरवर्षी चामड्याच्या कामाचा मोठा मेळावा भरतो, देशभरचे सॅडलवाले येतात. त्याच गावात किंग्ज सॅडलरी दुकानाच्या मागे डॉन किंग यांचं संग्रहालय आहे, शेकडो सॅडल भिंतींवर आणि लाकडी घोड्यांवर मांडलेली. एका दिवसात बघून होत नाही. मी वही घेऊन जातो आणि फक्त कँटलच्या पट्ट्या बघतो, दुसऱ्या वेळी फक्त रिंगांच्या जागा.

रिंगांवरून सांगतो, कारण तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही आणि तो हवा होता. सिंच कुठे बांधली जाते यावर सॅडलचा स्वभाव ठरतो. टेक्सासमध्ये गुरं पकडणारे दोराचं टोक हॉर्नला पक्कं बांधायचे. झटका बसला की सॅडल मागून उचलायचं, म्हणून त्यांनी पुढे एक, मागे एक अशा दोन सिंच लावल्या. कॅलिफोर्नियातले व्हॅकेरो दोर हॉर्नभोवती गुंडाळून हळूहळू सोडायचे, त्यांचं एका मधल्या सिंचवर भागायचं. सिंच, लॅटिगो हे शब्दच मुळी त्या स्पॅनिश बोलणाऱ्या गुराख्यांचे. तू गुरं पकडणार नाहीस, डोंगरवाटांवर हिंडणार. तुला पुढची रिंग हॉर्नच्या जरा मागे, ज्याला सात-अष्टमांश म्हणतात ती जागा, आणि मागची सिंच सैलसर, एवढं बरोबर होईल.

आता आईचं. आईवर रागावू नकोस, तिने जे ऐकलं तेच ती बोलली. पण तिला एक शब्द विचार: जिनगर. जीन बनवतो तो जिनगर. मराठ्यांच्या घोडदळाच्या गोष्टी आपण सगळे अभिमानाने सांगतो, आणि त्या घोड्यांच्या पाठीवरचं जीन ज्यांनी शिवलं, कातडं ज्यांनी सोललं आणि कमावलं, त्यातल्या कितीजणांना आपण उंबऱ्याबाहेर उभं केलं. त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या जे होतं ते तू आणि मी आज हजारो मैलांवर, पैसे भरून, पुस्तकातून शिकतोय. "आपल्यात कुणी केलं नाही" हे खरं असेल, पण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. माझ्या घरीही आधी कुणी केलं नव्हतं. पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा चौकात बसणाऱ्या चांभारकाकांना मी माझी शिलाई दाखवली. त्यांनी टाका उलटा करून पाहिला, दोरा नखाने दाबला आणि विचारलं, "मेण कमी लावतोस का रे?" ते बरोबर होतं. आता साताऱ्याला जाशील तेव्हा आईला घेऊनच अशा एखाद्या माणसाकडे जा आणि तुझा लगाम त्याच्या हातात दे.

आणि मोर. तो स्कर्टवर नको, फेंडरवर घे. स्कर्टचा बराच भाग वरच्या चामड्याखाली आणि तुझ्या पायाखाली झाकला जातो, शिवाय स्कर्ट ओला करून बारच्या आकारावर वळवावा लागतो, त्यात कोरीवकाम ओढलं जातं. फेंडर सपाट असतो, सुटा कोरता येतो, आणि बिघडला तर फक्त एक फेंडर पुन्हा कापायचा. दोन मोर आरशातल्या प्रतिबिंबासारखे काढ, डावा आणि उजवा. दोघांची तोंडं पुढे, घोडीच्या मानेकडे. पिसाऱ्यातले डोळे तू फार बारीक काढलेस, एवढ्या जाड चामड्यात ते वर्षभरात घासून जातील. निम्मे कर, दुप्पट मोठे कर. चामडं भिजवून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेव. सकाळी बाहेर काढून थोडा वेळ वारा लागू दे. मूळ रंग परत यायला लागला, पण गालाला लावल्यावर गार लागतंय, अशा वेळी स्विव्हल नाइफ, म्हणजे कोरायचा फिरता चाकू, उचल. त्याआधी चीर बुजते, त्यानंतर पातं अडतं.

या शनिवारी एक काम कर. आत्ता जे सॅडल वापरतेस ते घालून बिजलीला तासभर चांगली घामेजेपर्यंत फिरव. उतरल्यावर सॅडल आणि पॅड सरळ वर उचल, ओढू नकोस, आणि तिचं अंग पुसायच्या आधी पाठीचे दोन फोटो घे, एक डावीकडून, एक उजवीकडून. कोरडे डाग असतील तर त्यावर बोटं दाबून ती काय करते ते लिही. फोटो मला पाठव, त्यावरून ट्रीच्या मापाचं बोलू.

तुझा,
काका